टेम्प्लेट डिझायनरच्या हाती द्यावं का?

बातम्यांच्या संकेतस्थळावरचे मथळे, तारखा आणि फोटो डेटाबेसमधून येतात आणि टेम्प्लेट नावाच्या साच्यात बसतात. हा साचा पुष्कळ ठिकाणी प्रोग्रामरच्याच ताब्यात असतो. डिझायनर पानाचं चित्र देतो आणि मग तारीख ‘5 मे’ अशी हवी एवढ्यासाठीही त्याला प्रोग्रामरकडे विनंती करावी लागते. या वाटणीमागे काही गैरसमज आहेत.

गैरसमज: मजकूर सतत बदलणारा असेल, तर ते काम प्रोग्रामरचंच.

वस्तुस्थिती: मजकूर कुठून आणायचा हे प्रोग्रामरने ठरवावं. तो कसा दिसावा, हा प्रश्न डिझायनरचा. हीच विभागणी जँगो या संकेतस्थळं बांधण्याच्या पायथन फ्रेमवर्कमध्ये दिसते. त्याचा जन्म 2003 साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब विभागात झाला. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांना बातमीच्या घाईत नवी पानं झटपट उभी करायची होती. 2005 मध्ये जँगो सर्वांसाठी खुलं झालं. एचटीएमएल येणाऱ्याला सहज जमेल, अशीच त्याची टेम्प्लेट भाषा आहे. दुहेरी महिरपी कंसात मथळ्यासाठी ठरलेलं नाव लिहिलं की तिथे मथळा उमटतो. नावापुढे उभी रेघ देऊन फिल्टर जोडला की तारीख हव्या त्या रूपात येते, सारांश तीस शब्दांवर थांबतो. यादी रिकामी असेल तेव्हा काय दाखवायचं, यासाठीही स्वतंत्र टॅग आहे. ही रिकामी अवस्था डिझाइनच्या चित्रात बहुतेकदा राहूनच जाते. टेम्प्लेट स्वतः लिहिणाऱ्या डिझायनरला मात्र तिचा विचार करावाच लागतो.

गैरसमज: टेम्प्लेटची भाषा तोकडी ठेवतात, कारण डिझायनरवर भरवसा नसतो.

वस्तुस्थिती: भाषा मर्यादित आहे, म्हणूनच ती निर्धास्तपणे दुसऱ्याच्या हाती देता येते. जँगोच्या टेम्प्लेटमध्ये वाटेल तो पायथन कोड चालत नाही. डेटाबेसमधली नोंद पुसणाऱ्या किंवा बदलणाऱ्या क्रियांवर आधीच खूण केलेली असते आणि टेम्प्लेट त्या चालवायला नकार देतं. वाचकाच्या प्रतिक्रियेत लपवलेला स्क्रिप्टचा तुकडाही आपोआप निरुपद्रवी अक्षरांत बदलला जातो. ऑनलाइन दुकानांची सोय देणाऱ्या शॉपिफाय कंपनीच्या टोबियास लुटके यांनी लिक्विड ही भाषा याच गरजेतून घडवली. तिथे कंपनीच्या सर्व्हरवर चालणारं टेम्प्लेट दुकानदार स्वतः बदलतो. याउलट, ताकदवान टेम्प्लेट इंजिनात बाहेरचा मजकूर थेट टेम्प्लेटचाच भाग झाला, तर हल्लेखोर सर्व्हरवर आज्ञा चालवू शकतो. सुरक्षा संशोधक जेम्स केटल यांनी 2015 मध्ये हे दाखवून दिलं.

गैरसमज: चांगल्या टेम्प्लेटमध्ये तर्क अजिबात नसतो.

वस्तुस्थिती: 2009 साली आलेली मस्टॅश ही भाषा ‘तर्कविरहित’ म्हणून ओळखली जाते. तीतही एखादा भाग दाखवणं, लपवणं किंवा पुन्हा पुन्हा छापणं शक्य आहे. पहिली बातमी मोठी दाखवायची, हा दिसण्याचा तर्क आहे आणि तो टेम्प्लेटमध्येच शोभतो. वर्गणीदाराला किती सवलत द्यायची, हा व्यवसायाचा तर्क. तो तिथे नको.

गैरसमज: नमुन्याचा मजकूर नीट बसला की टेम्प्लेट तयार.

वस्तुस्थिती: मराठी पानांवर हा समज फार महागात पडतो. ‘स्त्री’ हा शब्द युनिकोडमध्ये सहा चिन्हांचा आहे. चिन्हं मोजून मथळा कापला, तर शेवटी नुसता ‘स्’ लोंबकळू शकतो. म्हणून मराठीत शब्द मोजून कापावं. जँगोचा अनेकवचनाचा फिल्टर मुळात इंग्रजीचा एस जोडतो, पण दोन्ही शेवट आपण दिले की ‘1 बातमी’ आणि ‘2 बातम्या’ बरोबर छापतो. आणखी एक सापळा असा की कंसातलं नाव लिहिताना चूक झाली, तर जँगो सहसा तक्रार करत नाही, ती जागा रिकामी सोडतं. पान ठीकठाक दिसतं आणि लेखकाचं नाव गायब असतं.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांना म्हणूनच एक आग्रहाची विनंती. टेम्प्लेटच्या फाइली डिझायनरला खुल्या करा, टेम्प्लेटमध्ये वापरता येणाऱ्या सगळ्या नावांची यादी त्याला लिहून द्या आणि चाचणीसाठी खरा मराठी मजकूर द्या, लांबलचक मथळ्यांसकट.