दांडी आणि हुक यांच्यामधली जागा

पहाटे साडेचार. जानेवारीत कुंडलच्या शिवारात दव असं पडतं की ट्रॅक्टरचं सीट आधी फडक्यानं पुसावं लागतं. इंजिन तापेपर्यंत मी बॅटरी घेऊन मागं जातो. हुक, पिन, पिनेची क्लिप, साखळी. पिन बाहेर काढून बोटांनी चाचपतो. ट्रेलरच्या कडीत घासून घासून ती मधेच बारीक होते. तसा खळगा बोटाला लागला की ती पिन त्याच दिवशी बाद. खिळा, गज, तुटका बोल्ट असलं काही पिन म्हणून घालायचं नाही, हा माझ्या गाडीचा नियम आहे.

पाच वाजता जोडणी. उसाचे आमचे ट्रेलर चार चाकांचे. पुढची दोन चाकं दांडीबरोबर वळतात, आणि दांडी सोडली की ती जमिनीवर टेकते. हुकाला लावायची तर तिला उचलून हुकाच्या उंचीला धरावं लागतं. सगळीकडं हे काम हेल्पर करतो. ट्रॅक्टर आणि ट्रेलरच्या मधे वाकून उभा राहतो, दांडी छातीशी धरतो आणि ओरडतो, "या, या, या... बास!" त्याचं ‘बास’ आणि ड्रायव्हरचा ब्रेक यांच्यात गाडी वीतभर सरकतेच. वीतभर म्हणजे अख्खा पंजा.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी मी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर होतो. स्पीकरवर गाणं चालू होतं. मागनं पोरगा ‘बास’ म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो आता गावात किराणा दुकान चालवतो, सुट्टे पैसे डाव्या हातानं देतो. मी समोर गेलो की अजून चहा पाजतो, आणि तो चहा मला गिळवत नाही.

म्हणून आता आमची पद्धत वेगळी. गाणं बंद. दांडीखाली बाभळीचा ठोकळा, हुकाच्या उंचीला मापून कापलेला. दांडी ठोकळ्यावर ठेवली की आताच्या हेल्पर पोरानं बाहेर यायचं आणि माझ्या आरशात दिसेल असं बाजूला उभं राहायचं. तो दिसेनासा झाला की मी ब्रेक दाबतो, कारण विचारत बसत नाही. कडी हुकाशी आली की गिअर काढायचा, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करून किल्ली हातात घ्यायची. मग तो आत जातो. दोन बोटांचा फरक राहिला असेल तर दांडी ओढाताण करून बसवायची नाही. तो पुन्हा बाहेर येतो, मी पुन्हा मागं घेतो. पिन वरून खाली, खाली क्लिप, मग साखळी. शेवटी पहिल्या गिअरमध्ये हातभर पुढं घेऊन मागं वळून बघायचं. त्याच्यामागं जोडायचा दुसरा ट्रेलर रिकामा असला की माणसं लावून ढकलत आणतो, पण त्यालाही ठोकळा आणि साखळी हीच. दोन मिनिटांचं काम आठ मिनिटांवर जातं. जाऊ दे.

सात वाजता फडात. ऊसतोडीची टोळी बीडकडची, तिचं काम आमच्या आधी अंधारातच सुरू झालेलं असतं. मोळ्या बांधून होतात, मग फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन बायामाणसं वर चढतात. भरणी दुपारपर्यंत चालते. पूर्वी या बाजूची बरीच रानं पावसावर असायची. ताकारी योजनेचं पाणी आलं तसा ऊस वाढला, तशी ट्रॅक्टरंही वाढली.

दोन वाजता दिवसातला सगळ्यात अवघड तास. दोन ट्रेलरांत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस असतो. काळ्या रानातून दोन्ही एकदम निघत नाहीत, एकेक बाहेर काढावा लागतो. मागं जोडायचा तो आधी रस्त्यावर आणतो, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावतो आणि सोडतो. मग दुसरा आणून त्याच्यापुढं सरळ रेषेत उभा करतो आणि हात-दोन हात मागं घेतो. सकाळचा रिकामा ट्रेलर माणसांनी ढकलता येत होता. हा दहा टनांचा ट्रेलर उतारावर सुटला तर तो अडवणारा माणूस जन्माला यायचाय. मुकादम मामा घाई करतात, "अण्णा, नंबर जाईल की!" त्यांचंही खरं आहे. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखर उतरते. तरी ठोकळा, दगड, किल्ली यातलं एकही मी गाळत नाही.

पेठनाक्याच्या हॉटेलावर मी एकदा कंटेनरवाल्यांची जोडणी बघत उभा राहिलो होतो. त्यांचा घोडा, म्हणजे पुढची ओढणारी गाडी, मागं सरकतो, ट्रेलरखालची किंगपिन घोड्यावरच्या जबड्यात शिरते आणि जबडा आपोआप मिटतो. घोडा मागं सरकत असताना मधे कुणी नसतंच. जबडा मिटला का हे ड्रायव्हर उतरून बॅटरीनं बघतो, आणि ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून घोडा जरा पुढं ओढतो. सुटलं नाही तरच ट्रेलरचे टेकूचे पाय उचलतो. आमच्या ट्रेलरला ब्रेकच नाहीत. म्हणून आम्ही त्यांच्यापेक्षा जास्त सावध असायला हवं.

सहाला क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड कारखान्याच्या यार्डात. काटा, स्लिप, मग गव्हाणीची वाट. रांगेत बसून मी लाल दिवे आणि रिफ्लेक्टर पुसतो. मागच्या ट्रेलरचा वायरचा प्लग पिनेइतकाच महत्त्वाचा आहे. तो सुटला की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पुढं उसाची भिंत आहे हे कळतच नाही.

रात्री साडेअकराला घरी. ट्रेलर सपाटीला सोडतो, चाकांना दगड लावतो, पिन सीटखालच्या डब्यात टाकतो. पोरगा तोंड धुवायला जातो तेव्हा माझी नजर त्याच्या हातांवर जाते. दहा बोटं.

ट्रॅक्टरमालकांनो, एवढं करा. तुमच्या हुकाची जमिनीपासूनची उंची उद्याच मोजा, दांडीची जाडी वजा करा आणि तेवढ्या उंचीचा ठोकळा कापून गाडीत ठेवा. लाकूड प्रत्येकाच्या बांधावर आहे.