हाडाला धाप लागत नाही

जानेवारीतल्या मुंबईच्या मॅरेथॉनसाठी आम्ही पावसाळ्यापासून कसून सराव केला, आणि ऐन दिवाळीत नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेली. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणे बंद केले. जो तो विचारी, "पडलात कुठे?" पडलो कुठेच नव्हतो! हाड म्हणजे काही दगडी भिंत नव्हे. ते सदैव खरवडले जाते आणि भरले जाते. भार वाढला की शरीर आधी जुने हाड खरवडून काढते आणि मग नवे रचते. खरवडणे आठवड्यांत उरकते, रचनेला मात्र महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कच्चे असते, आणि नेमके तेव्हाच आम्ही अंतर वाढवीत होतो.

विश्रांतीनंतरची फसगत निराळीच. सायकल चालवून, पोहून दम टिकलेला असतो. छाती म्हणते, पळा. हाड बिचारे धापा टाकून आपल्याला थांबवीत नाही. तेव्हा श्रोतेहो, मोजमाप ठेवायचे ते नडगीचे. आधी अर्धा तास झपाझप चालून दुखत नाही ना, हे पाहावे. मग १ मिनिट धावणे, ४ मिनिटे चालणे, तेही दिवसाआड. बोटाने दाबताच एकाच जागी कळ उठली, किंवा रात्री ठणका लागला, तर धावणे थांबवून पुन्हा डॉक्टरांकडे. (गोळी घेऊन धावा, असेही सांगणारे भेटतात. पहारेकऱ्यालाच झोपवायचे, म्हणजे झाले!)

४२.१९५ किलोमीटर यंदा हुकले. सध्या आम्ही एका दमात ३ मिनिटे धावतो.