तळणीच्या तेलाचे जैवडिझेल

भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते, आणि त्यापासून बनणाऱ्या डिझेलवर मालवाहू ट्रक, एसटी, ट्रॅक्टर आणि मासेमारीच्या यांत्रिक बोटी चालत असल्याने आंतरराष्ट्रीय बाजारातील भाववाढीची झळ थेट शेतमालाच्या वाहतुकीपर्यंत पोहोचते. या डिझेलला अंशतः पर्याय ठरू शकणारे आणि पुन्हा पुन्हा निर्माण करता येणारे इंधन म्हणजे जैवडिझेल होय. ते वनस्पती तेलापासून किंवा प्राणिज चरबीपासून तयार होते. मात्र त्याचा लाभ किती, हे ते कोणत्या तेलापासून केले यावर अवलंबून असते.

वनस्पती तेलावर इंजिन चालवण्याची कल्पना नवी नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. परंतु असे तेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असल्यामुळे इंजेक्टरमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही, ज्वलन अपुरे राहते आणि इंजिनात काजळी साचते. हा अडसर दूर करणाऱ्या रासायनिक प्रक्रियेचे पेटंट १९३७ साली बेल्जियममध्ये शावान या संशोधकाला मिळाले.

तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. तेल सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात मिथेनॉल आणि अल्प प्रमाणात कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश मिसळले असता या साखळ्या ग्लिसरॉलपासून सुटून मिथेनॉलशी जोडल्या जातात. या क्रियेला ट्रान्सएस्टरीकरण म्हणतात. मिश्रण स्थिर ठेवल्यावर टाकीत दोन थर स्पष्ट दिसू लागतात. जड, तपकिरी ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर पातळ, पिवळसर जैवडिझेल तरंगते, जे पुढे धुऊन आणि पाण्याचा अंश काढून वापरण्याजोगे केले जाते. ढोबळमानाने १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉल यांपासून जवळपास १०० किलो जैवडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळते, आणि शुद्ध केलेल्या ग्लिसरीनला साबण, औषधे व सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगात मागणी असते.

जैवडिझेलच्या वजनाचा सुमारे ११ टक्के भाग ऑक्सिजनचा असल्याने ते अधिक पूर्णपणे जळते. परिणामी काजळीचे कण, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन यांचे उत्सर्जन घटते. त्यात गंधक जवळजवळ नसते. खनिज डिझेलमधील गंधक काढून टाकताना त्याचा वंगणगुणही कमी होतो, आणि ही उणीव थोडेसे जैवडिझेल मिसळल्यानेही भरून निघते. ते सहज पेट घेत नसल्यामुळे साठवणूक अधिक सुरक्षित होते आणि सांडल्यास त्याचे जैविक विघटनही लवकर होते. यासाठी इंजिन बदलावे लागत नाही, अल्प प्रमाणातील मिश्रण नेहमीच्या वाहनांत चालते. अर्थात, मर्यादाही आहेत: तेवढ्याच लिटरमागे त्यातून ८ ते १० टक्के कमी ऊर्जा मिळते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे उत्सर्जन किंचित वाढू शकते आणि कडाक्याच्या थंडीत ते गोठू लागते.

त्याहून मोठा प्रश्न कच्च्या मालाचा आहे. इंडोनेशियात पाम तेलापासून मोठ्या प्रमाणावर जैवडिझेल बनते, पण पामच्या लागवडीसाठी तेथे वर्षावनांची आणि दलदलीच्या कार्बनसमृद्ध जमिनीची मोठी हानी झाली आहे. भारत तर निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. येथे ताजे खाद्यतेल इंधनासाठी वळवणे परवडणारे नाही. २००३ पासून पडीक जमिनीवर मोगली एरंड लावण्याचा मोठा प्रयत्न झाला, परंतु पाणी आणि खतांशिवाय या झाडाने अपेक्षित उत्पन्न दिले नाही.

म्हणून भारतासाठी सर्वांत शहाणपणाचा कच्चा माल म्हणजे वापरून झालेले तळणीचे तेल. कढईतील तेल पुन्हा पुन्हा तापले की ते काळपट आणि चिकट होते, त्यावर फेस धरतो आणि धूर लवकर येतो. या काळात त्यात ध्रुवीय संयुगे नावाचे अपायकारक घटक वाढत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे गेलेले तेल १ जुलै २०१८ पासून खाण्यासाठी वापरण्यास मनाई आहे. तरीही असे तेल स्वस्तात विकले जाऊन पुन्हा कढईत पडते किंवा मोरीत ओतले जाऊन गटारे तुंबवते. हे थांबवण्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १० ऑगस्ट २०१८ रोजी, जागतिक जैवइंधन दिनी, वापरलेले तेल गोळा करून जैवडिझेलकडे वळवणारा ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. तळणीच्या तेलात सुटी मेदाम्ले अधिक असतात आणि ती अल्कलीशी संयोग पावून साबण बनवतात, म्हणून कारखान्यात ते आधी गाळून, कोरडे करून आम्लाच्या साहाय्याने प्रक्रियेयोग्य केले जाते. ही तंत्रे परिचित आहेत.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले असले, तरी प्रत्यक्ष मिश्रण त्यापासून फार दूर आहे. एकट्या तळणीच्या तेलाने ते गाठता येणार नाही. परंतु या तेलाच्या प्रत्येक डब्यामागे आरोग्याचे रक्षण, गटारांची स्वच्छता आणि आयातीत बचत असे तिहेरी हित साधते, आणि दुसऱ्या कोणत्याही कच्च्या मालात ते इतक्या सहज एकत्र येत नाही. खरी कमतरता संकलनाची आहे. फरसाणाचे कारखाने, उपाहारगृहे आणि वडापावच्या गाड्या यांना वापरलेल्या तेलाचा रास्त भाव जागेवर मिळाला आणि महापालिकांनी ओल्या-सुक्या कचऱ्याप्रमाणे त्याच्या संकलनाचीही नियमित व्यवस्था लावली, तर काळे तेल परत कढईत जाण्याऐवजी इंधनाच्या टाकीत जाईल.