अक्कलदाढ अडकलीये? थ्रीडी स्कॅन प्रत्येकालाच लागतो का?

दाढ दुखते म्हणून कोथरूडमधल्या दवाखान्यात गेलात, ओपीजी काढला आणि डॉक्टर म्हणाले, ‘मुळं नसेजवळ दिसतायत, सीबीसीटी करून या.’ एक्स-रेत दाढ दिसत असताना हा दुसरा खर्च कशासाठी? समजून घेऊ.

ओपीजीत काय कळत नाही?
ओपीजी म्हणजे गोलाकार जबड्याचे सपाट चित्र. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातल्या नळीतून जाते. चित्रात मुळे आणि नळी एकमेकांवर दिसली, तरी ती खरोखर चिकटलेली आहेत की मागे-पुढे, हे कळत नाही. दाढ काढताना नसेला इजा झाली तर ओठ बधिर होतो. बहुतेकदा तात्पुरता, क्वचित कायमचा.

सीबीसीटी काय करते?
यंत्र डोक्याभोवती साधारण अर्ध्या मिनिटात फिरते आणि शंकूच्या आकाराच्या किरणांनी शेकडो प्रतिमा घेते. संगणक त्यातून त्रिमितीय चित्र उभे करतो. मग जबडा हव्या त्या ठिकाणी आडवा-उभा ‘कापून’ पाहता येतो. दंतोपचारासाठीची अशी यंत्रे १९९०च्या दशकाच्या अखेरीस इटलीतून बाजारात आली.

फक्त अक्कलदाढेसाठीच?
नाही. मुलांचा वरचा सुळा साधारण ११-१२ व्या वर्षी येतो. तो हाडात अडकला तर शेजारच्या दाताचे मूळ झिजवू शकतो. सुळा टाळूकडे आहे की ओठाकडे आणि मूळ किती झिजले, हे स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते.

मग सगळ्यांनीच करावा का?
नाही. सीबीसीटीत किरणोत्सर्ग सहसा ओपीजीपेक्षा जास्त असतो. यंत्र आणि स्कॅनचे क्षेत्र यानुसार तो बराच बदलतो. शिवाय स्कॅन केला म्हणून नसेच्या इजा आपोआप घटतात, असे तुलनात्मक चाचण्यांत दिसलेले नाही. त्याचा खरा उपयोग निर्णयासाठी होतो: दाढ पूर्ण काढायची, मुळे तशीच ठेवून फक्त वरचा भाग काढायचा की हातच लावायचा नाही. म्हणूनच युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार हा स्कॅन सरसकट करू नये. साध्या एक्स-रेने प्रश्न सुटत नसेल तरच करावा.

डॉक्टरांना काय विचाराल?
१. स्कॅनमुळे उपचार बदलणार आहे का?
२. फक्त त्या दाताभोवतीचा छोटा स्कॅन पुरेल का?
३. केंद्राकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का?

गर्भवती असाल तर आधीच सांगा. आणि स्कॅनची फाइल मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाल्यास पुन्हा स्कॅन करावा लागणार नाही.