शिडाच्या नौकेतील गळतीचा शोध

नौकेत पाणी जेथे साठलेले दिसते, तेथूनच ते आत शिरले असेल असे नाही. फटीतून शिरलेले पाणी फळ्यांच्या आतील अंगाने ओघळत सर्वांत सखल भागी जमते. म्हणून प्रथम ते चाखून पाहावे. गोडे असेल तर ते पावसाचे किंवा टाकीचे. खारे असेल तर समुद्राचे. मग तळ कोरडा करून ओल कोठून उतरते, याचा माग घ्यावा. आतून शोध लागला नाही, तर बाहेरून पाहणे भाग पडते.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही मुंबईत बांधलेली ३२ फुटी सागवानी नौका. १४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडमधील फालमथहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. अटलांटिक महासागरातच गळती वाढली. तशा स्थितीत दक्षिणेच्या वादळी सागरात शिरणे धोक्याचे होते. त्यांनी पाण्यात बुडी मारली. नौका हेलकावे घेई, तसा तिच्या बुडाशी असलेला फळ्यांचा सांधा उघडताना व मिटताना त्यांना दिसला. त्यात कापूस ठासून त्यांनी वर कॅनव्हासची आणि तांब्याची पट्टी ठोकली.

२२ एप्रिल १९६९ रोजी ‘सुहैली’ फालमथला परतली. कोठेही न थांबता एकट्याने केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय.