एकतारीपासून सह्याद्रीपर्यंत

रव्याच्या लाडवांचा पाक करताना आई पळीतला एक थेंब बशीत टाकायची, जरा निवू द्यायची आणि मग अंगठा नि तर्जनीत धरून बोटं हलकेच लांबवायची. एक तार आली की गॅस बंद. तिच्या बोटांना जे कळत होतं त्याचा मोठा भाग म्हणजे शास्त्रातली श्यानता, हे मला फार उशिरा उमगलं. थेंब आधी निववायचा कशाला, हे तर त्याहूनही उशिरा.

श्यानता म्हणजे वाहत्या पदार्थाच्या एका थराने शेजारच्या थराला केलेली आडकाठी. न्यूटनने १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त तिचा विचार मांडला. आपण ‘दाट’ हा एकच शब्द जडपणासाठीही वापरतो आणि संथ वाहण्यासाठीही. पणतीतलं तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे पाण्याहून हलकं. तरी ओतताना त्याची धार पाण्याहून संथ. घनता वेगळी, श्यानता वेगळी.

पाकात पहिली गोष्ट विरघळलेल्या साखरेची. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता साधारण १ मिलिपास्कल-सेकंद असते. त्याच तापमानाला वजनाने ४० टक्के साखरेचा पाक सहाच्या आसपास, ६० टक्क्यांचा ५८च्या आसपास आणि ७० टक्क्यांचा पाचशेच्या घरात. शेवटच्या दहा टक्क्यांत ती आठपटीने वाढते, म्हणून पाक ‘पुढे जातो’ तो डोळ्यांदेखत, दोन मिनिटांत. साखरेचे मोठे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात आणि एकमेकांतही अडकतात. लांब साखळीचे रेणू असले की हा गुंता आणखी वाढतो. चमचाभर डिंक वाटीभर पाण्याला चिकट करतो तो त्यामुळेच.

दुसरी गोष्ट तापमान, आणि माझ्या मते सगळ्यांत बलवान तीच. द्रवातल्या रेणूला पुढे सरकायला शेजाऱ्यांची ओढ तोडावी लागते. उष्णता त्याला ते बळ देते. पाण्याची श्यानता शून्य अंशाजवळ १.८, तर उकळताना फक्त ०.२८. गरम पाक म्हणूनच फसवा. तो असतो त्यापेक्षा पातळ भासतो आणि बशीत निवला की खरं रूप दाखवतो. गुऱ्हाळातला गुळव्या काहिलीतला रस पाण्यात टाकून गोळी पाहतो, तेव्हा तोही हेच करत असतो.

वायूंचं मात्र उलट. हवा तापवली की तिची श्यानता वाढते, कारण तिथे शेजाऱ्यांची ओढ नगण्य; वेगवान रेणू एका थरातून दुसऱ्यात घुसतात आणि आपला वेग तिथे वाटतात, तोच अडथळा. दाब बदलला तरी वायूची श्यानता जवळपास तीच राहते, हे मॅक्सवेलने आधी गणिताने काढलं. ते त्याचं त्यालाच इतकं चमत्कारिक वाटलं, की लंडनच्या घरात पोटमाळ्यावर त्याने प्रयोग मांडला. खोली हव्या त्या तापमानाला राखायला पत्नी कॅथरीन मदतीला होती. द्रवांवर दाबाचा परिणाम एरवी जाणवत नाही. यंत्राच्या दातेरी चाकांत चेंगरलेल्या वंगणावर तो प्रचंड होतो.

काही पदार्थ मात्र आपण त्यांना कसं हलवतो यावर श्यानता ठरवतात. सॉसची बाटली हलवली की सॉस पातळ होतो. कॉर्नफ्लोअरचं दाट मिश्रण जोराने ढवळावं तर चमचा अडतो. आपलं रक्तही असंच आहे. संथ वाहताना तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकावर एक चिकटतात, वेग वाढला की सुट्या होतात आणि रक्त पातळ होतं.

१५ जानेवारी १९१९ रोजी बोस्टनमध्ये मळीची मोठी टाकी फुटली. सुमारे ८७ लाख लिटर मळी रस्त्यावर आली आणि २१ माणसं गेली. जहाजातून नुकती उतरलेली मळी भोवतालच्या हवेपेक्षा गरम होती. लाट आली तेव्हा तिच्या जडपणापुढे श्यानता दुबळी ठरली. नंतर थंडीने मळी निवत गेली, घट्ट झाली आणि अडकलेल्यांना बाहेर काढणं कठीण झालं. सुटकेच्या वेळी माणसांशी झुंजली ती श्यानता. हा भाग वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

आणि आपला सह्याद्री? घाटातून जाताना दिसणाऱ्या कड्यांच्या त्या आडव्या पायऱ्या हे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. लाव्ह्यात सिलिका जास्त असली तर अणूंची साखळी-जाळी होते आणि तो तोंडाशीच गोठून घुमट उभारतो. आपला बेसॉल्ट सिलिकेला तुलनेने गरीब, वर हजार अंशांहून गरम. तो मधासारखा पसरला, वर साय धरून आतून वाहत राहिला. आंध्रात गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळ सापडणारा बेसॉल्टही पश्चिमेकडूनच वाहत गेला, असं अनेक भूवैज्ञानिक मानतात. तसं असेल, तर निवण्याआधी त्याने हजारभर किलोमीटरची वाट कापली.