जंगलासाठी सुरी घडवताना

जंगलात वापरायची सुरी घडवून घ्यायची, तर आधी मूठ बघा. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेलं हवं. अर्ध्यावर संपलं तर लाकूड फोडताना ते दगा देतं. पातं 4-5 इंच लांब, 4 मिलिमीटर जाड पुरे. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा यासाठी उत्तम. पाणी दिल्यावर लोहाराकडून पातं पुन्हा मंद तापवून घ्याच, नाहीतर काचेसारखं तडकतं.

म्यानाकडे फार दुर्लक्ष होतं, आणि खरा धोका तिथेच आहे. धारेच्या बाजूला, दोन चामड्यांच्या मध्ये जाड चामड्याची पट्टी शिवून घ्या. ती नसेल तर धार टाके कापत थेट मांडीपर्यंत येते. टोकाशी पाणी निथळायला भोक ठेवा. सह्याद्रीच्या पावसात भिजलेल्या म्यानात पातं लगेच गंजतं. मुक्कामी सुरी बाहेर काढून पुसा, तेलाचा हात फिरवा.